दुसरा कप

पेढे कोण आणणार आणि कोण नाही, हे हेमांगी निकमला आधीच कळायला लागलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते चहाच्या किटलीने शिकवलं होतं. आणि शिकल्यापासून ती किटली हातात धरायचीच तिला धास्ती वाटायची.

साताऱ्याहून कोरेगावकडे निघालं की डाव्या हाताला निकमांचं मंगल कार्यालय लागतं. मांडव, जेवणं आणि भांडणं हेमांगीचा नवरा रणजित बघायचा. बुकिंग आणि वरपक्षाचे रुसवेफुगवे हेमांगीकडे. मधल्या वारी हॉल ओस पडलेला असायचा, म्हणून रक्ततपासणीच्या कंपनीने दर बुधवारी वरचा छोटा हॉल मागितला तेव्हा रणजितने लगेच होकार भरला. चहा मात्र आमच्याच घरचा, अशी अट हेमांगीने घातली. दुसऱ्याच्या हातचा पांचट चहा तिच्या हॉलमध्ये कुणी प्यावा, हे तिला पटण्यासारखं नव्हतं.

बुधवारी जमणाऱ्यांना कंपनी 'प्रतीक्षार्थी' म्हणायची. गाव त्यांना सरळ 'पेरणीवाले' म्हणायचं.

पेरणी म्हणजे रक्ताची तपासणी. पंचावन्न वर्षं पूर्ण झाली की ती प्रत्येकाला करावीच लागे. शरीरात कुठे गाठ धरत असली तर तिच्या थोड्या पेशी सुटून रक्तात हिंडत असतात. कोट्यवधी चांगल्या पेशींतून तेवढ्याच वेचून काढणारं यंत्र आलं, आणि मग लक्षात आलं की चाळिशी उलटलेल्या जवळपास प्रत्येकाच्या रक्तात अशा भटक्या पेशी सापडतातच. बहुतेकांच्या निकामी असतात, शरीराने परस्पर निस्तरलेल्या. निकामी कुठल्या आणि जिवंत कुठल्या, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्या नखाएवढ्या काचेच्या बशीत, पोषक चिकावर पेरायच्या आणि तीन आठवडे थांबायचं. उगवल्या नाहीत तर माणूस सुटला. उगवल्या, तर गाठ कुठल्या अवयवात आहे आणि किती झपाट्याने वाढणारी आहे ते समजायचं. अशांतली निम्मीशी माणसं उपचारांनी तरायची. उरलेल्यांसाठी डॉक्टर मान खाली घालून बोलायचे. पेशींना घाई करता येत नव्हती, त्यामुळे डॉक्टरांनाही येत नव्हती.

ही वाट बघणंच माणसांना खाऊ लागलं. पहिल्या वर्षी कुणी नोकरी सोडली, कुणी राहतं घर विकलं. एकाने तर निकालाच्या आदल्या दिवशी विहीर जवळ केली. त्याचं उगवलंच नव्हतं.

त्यावर कंपनीने दंडाला बांधायचा एक पांढरा कापडी पट्टा काढला. नाव ठेवलं 'निश्चिंत'. दंडाला बांधायचा म्हणून लोक त्याला ताईत म्हणायला लागले. समोर साप दिसल्यावर वाटते ती भीती वेगळी, आणि साप आहे की नाही हेच ठाऊक नसताना वाटते ती वेगळी. मेंदूतल्या त्यांच्या जागाही वेगळ्या. ताईत दंडातल्या नसेमधून बारीक स्पंदनं पाठवायचा आणि त्या दुसऱ्या भीतीला थोपटत राहायचा. माणूस गुंगत नसे. हिशेब करी, गाडी चालवी, थट्टामस्करी करी. पोटातला गोळा तेवढा नसायचा. कुणाला किती थोपटायचं ते ताईत नाडी, घाम आणि झोप बघून ठरवायचा, आणि थोडंसं प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्राला विचारून. आंघोळीपुरता काढून चार्जिंगला लावायचा. फार वेळ काढून ठेवला तर वीसेक मिनिटांत असर उतरायचा.

हेमांगीला हे सगळं तोंडपाठ झालं होतं, कारण कंपनीची तेजल दर नव्या बॅचला तेच सांगायची. जे तेजल सांगत नव्हती ते हेमांगीने किटली फिरवताना पाहिलं. पहिल्या बुधवारी सगळे सारखेच भेदरलेले. तिसऱ्या बुधवारी मात्र त्यांच्यात सरळ दोन गट पडलेले असायचे. काहींच्या कपातल्या चहावर साय धरायची, हात थरथरायचे, विचारलेलं ऐकू यायचं नाही. काही पाय पसरून बसायचे, विनोद सांगायचे आणि कप पुढे करायचे, "वहिनी, अजून एक कप!"

भोइटे वकिलांनी असाच दुसरा कप मागितला होता. त्यांच्या विनोदांवर सगळा हॉल हसत होता. दिवाळीत त्यांच्या दारावर आकाशकंदील लागला नाही. त्यांच्याच शेजारी बसलेल्या कदमबाईंच्या हातातली बशी इतकी वाजत होती की हेमांगीने ती काढून घेतली. आठ दिवसांनी त्याच बाई कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर झाल्या. एकदा झालं, दोनदा झालं, हेमांगी योगायोग म्हणून सोडून देत राहिली. पण बॅचमागून बॅच तेच घडत गेलं. आता ती तिसऱ्या बुधवारी कुणाच्या तोंडाकडे बघायचं टाळायची.

मार्चमध्ये रणजितला पंचावन्न पूर्ण झाली. हेमांगी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, पण नवराबायकोला जोडीने पेरणी करायची मुभा होती. ज्यांचं घरच लग्नांवर चालतं त्यांनी जोडीने नाही करायचं तर कुणी, असं म्हणत दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं.

ताईत हातात ठेवताना तेजलने बजावलं, "काका, काकू, एकमेकांचे घालायचे नाहीत हं. हा माणूस ओळखत नाही, पेरणीचा नंबर ओळखतो."

"माणूस न ओळखणारे आमच्याकडं दर रविवारी जेवायला येतात," रणजित म्हणाला.

घरी येऊन हेमांगीने दोन्ही ताईत देवघराच्या फळीवर ठेवले. प्लगही तिथेच होता. नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, ही तिची शिस्त. मिक्सरला लावलं होतं, जनरेटरला लावलं होतं, हे तर थेट अंगावर बांधायचं. तिने रणजितच्या ताइताला हळदीचं आणि कुंकवाचं बोट लावलं. आपला तसाच ठेवला. स्वतःसाठी काय मागायचं, हे तिला कधी सुचायचंच नाही.

रणजितने कुंकू पंच्याने पुसून टाकलं. "अगं, ताईत आहे का वरमाय? लोक हसतील."

संध्याकाळी ओट्याशी उभा राहून तो एकाएकी म्हणाला, "हेमा, मला काय निघालं तर पहिलं मला सांगायचं. तेजलनं तुला बाजूला घेऊन सांगितलं, तरी लपवायचं नाही. अण्णांचं झालं तसं नको."

अण्णा म्हणजे रणजितचे वडील. त्यांच्या आजाराचं नाव डॉक्टरांना माहीत होतं, दोन्ही मुलांना माहीत होतं, दूधवाल्यालासुद्धा माहीत होतं. अण्णांना तेवढं नव्हतं. ते शेवटपर्यंत नव्या स्वयंपाकघराचा पाया कुठे घ्यायचा ते सांगत राहिले. एकदा त्यांनी विचारलं, "रणज्या, मी मरतोय का रे?" आणि रणजित हसून म्हणाला होता, "काहीतरीच काय अण्णा!" ते हसणं त्याला अजून झोपू देत नसे.

"शपथ?" त्याने हात पुढे केला.

"शपथ," हेमांगी म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

पहिला आठवडा दोघांनीही सारखाच काढला. मग रणजित निवळायला लागला.

रणजितचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. जेवणावळीत मठ्ठा उशिरा आला तरी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि दुसऱ्या आठवड्यात एकदा मांडववाल्याच्या माणसांनी शिडी आत घेताना वधूपक्षाच्या खोलीतला पुरुषभर उंचीचा आरसा फोडला. माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. रणजितने काचांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आरसाच फुटलाय ना? नवरी शाबूत आहे, मग झालं तर."

सगळे हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मालक हसले म्हणून जरा जास्तच हसले. हेमांगीला भोइटे वकील आठवले.

तिचा स्वतःचा ताईत दंडावर असून नसल्यासारखा होता. गॅस बंद केला का, कुलूप नीट बसलं का, म्हणून ती जिन्यातून परत फिरायची.  आणि तिसऱ्या बुधवारी, स्वतःच्याच हॉलमध्ये, पेरणीवाल्यांच्या रांगेत पाय पसरून बसलेल्या तिच्या नवऱ्याने डोळे मिचकावत कप पुढे केला.

"वहिनी, अजून एक कप!"

तिने ओतलेला चहा कपातून बशीत आणि बशीतून त्याच्या विजारीवर सांडला. भाजलं, तरी रणजित हसतच होता.

तेजल मागच्या पडवीत एकटी सापडली तशी हेमांगीने तिला गाठलं.

"तेजल, ताईत जास्त कुणाला थोपटतो?"

"ज्याला जास्त काळजी, त्याला. सांगते की मी दर वेळी."

"मग मला का नाही थोपटत? माझं काळीज बघ कसं उडतंय. ह्यांना तर काळजी करायचं ठाऊकच नाही, कायम भांडण करून मोकळे होतात. ह्यांनाच एवढं कसं थोपटतो?"

 तेजलने पर्स उघडली, पुन्हा मिटली.

"भोइटे वकील," हेमांगी म्हणाली. "त्यांच्या आधी ते पोस्टातले. ते वाईचं जोडपं, त्यातल्या बाई. सांगू अजून? सगळ्यांनी दुसरा कप मागितला होता."

"काकू, कुणाला बोलू नका." तेजलने मागे वळून दाराकडे बघितलं. "आम्ही त्याला हे शिकवलं नाही. एवढंच सांगितलं होतं की निकालाच्या दिवशी माणूस कोसळता कामा नये. बशांवर कॅमेरा असतो. तो आणि ताईत एकाच यंत्राला जोडलेत. यंत्राला आपलं आपणच उमगलं, की ज्याच्या बशीत हालचाल सुरू झालीय त्याला आधीपासून थोपटत नेलं तर तो कोसळत नाही."

"म्हणजे त्याला माहीत असतं."

"साधारण आठवड्यात."

"मग आठवड्यातच औषध का नाही सुरू करत?"

"तीन आठवड्यांशिवाय पक्कं होत नाही. कधीकधी उगवलेलं मरूनही जातं. क्वचित. डॉक्टर त्याआधी हात लावत नाहीत."

"आणि हे लोकांना सांगत का नाही?"

"वर कळवलं होतं आम्ही. ते म्हणाले, हे कळलं तर माणसं निवांत वाटण्यालाच घाबरतील. मग ताईत कुणावर चालणार?" तेजलने डोळे पुसले. "आणि खरंय ते, काकू. तुम्हालाच बघा."

त्या दिवशी हेमांगी जेवली नाही. रणजितने तिच्या पुढ्यातल्या ताटाकडे बघितलं. शपथ तिच्या जिभेवर येऊन बसली होती, पण हसणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं, ते तिला सुचेना. उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

"तुझा ताईत बोगस आलाय," तो म्हणाला. "माझा घालून बघ. काय गार वाटतं म्हणून सांगू."

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की वाटी लवंडली. "एकमेकांचे घालायचे नाहीत म्हणून सांगितलंय ना?"

"बरं बाई, राहिलं," असं म्हणून त्याने सांडलेली आमटी पुसून घेतली.

आणि दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन आली, फळीवरचा ताईत दंडाला बांधला, पूजा उरकली, आणि उपम्याला फोडणी देताना तिच्या ध्यानात आलं की पोटातला गोळा कुठे दिसत नाही.

तिने त्याला शोधलं. खरोखर, हरवलेली किल्ली शोधावी तसं आत चाचपून पाहिलं. कॅन्सर, असं मनात म्हणून पाहिलं. तो शब्द भाजीच्या नावासारखा निघून गेला. बाहेर अंगणात रणजित वायरमनवर खेकसत होता. तासाभराने ती बाहेर गेली तर कठड्यावर त्याचा चहा तसाच होता, साय धरलेला.

त्या सायीकडे बघत हेमांगी उभी राहिली. आणि तिला इतका आनंद झाला की तिथेच बसून हसावंसं वाटलं. यंत्राचा आधी घोटाळा झाला असणार. कच्चा अंदाज तो, आता पक्का झाला. रणजितचं उगवलं नव्हतं. आपलं उगवलं होतं. आपलं! तिने स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, तरी मिळालं होतं. ताईत तिची भीती थोपटत होता हे खरं, पण हा आनंद काही ताइताने दिलेला नव्हता, तो तिचा स्वतःचा होता.

शंका घ्यायलाही थोडी भीती लागते. ती नसल्यामुळे हेमांगीला कसलीच शंका आली नाही.

त्यानंतरचे दिवस तिने मजेत काढले. रणजितला आचाऱ्यांशी कसं बोलायचं ते शिकवलं. डिसेंबरात त्यांच्या मुलीचं, अन्वीचं, याच हॉलमध्ये लग्न ठरलं होतं. रुखवताचे डबे कुठल्या माळ्यावर आहेत, मानाच्या साड्या कुणाकुणाला, ते ती त्याला जेवताना सांगायची. तो ऐकायचाच नाही. घास चिवडत बसायचा, मधेच उठून दाराची कडी बघून यायचा. पहाटे तिला जाग आली की तो पलंगाच्या कडेवर बसलेला असायचा. ते बघून ती सुखाने कूस बदलायची.

पुण्याहून अन्वीचा फोन आला. "आई, बाबांचा आवाज कसा येतोय? घाबरल्यासारखा."

"घाबरू दे गं त्यांना," हेमांगी म्हणाली. "चांगलं असतं ते."

"आणि तू? तुला काहीच वाटत नाहीये का?"

"मला? मला काय होणार? मी मस्त आहे."



निकालाचा बुधवार आला. निकाल ऐकला की ताईत परत करायचा आणि तो स्वच्छ पुसलेला हवा, अशी कंपनीची सूचना होती. रणजित आंघोळीला गेला होता. त्याचा ताईत तिने आधी पुसला, तो पांढराशुभ्र निघाला. मग आपला दंडावरून सोडला आणि खिडकीशी नेला. एवढे दिवस बाहीच्या आत हात घालून नुसत्या सवयीने ती तो बांधत-सोडत होती, उजेडात कधी धरलाच नव्हता. बकलाच्या घडीत आतल्या बाजूला एक पिवळा डाग होता. तिने ओल्या फडक्याने चोळला. साबण लावून पुन्हा पुन्हा चोळला. कुंकू निघून जातं, कापडात मुरलेली हळद जात नाही.

आपल्या ताइताला तिने हळद लावलेलीच नव्हती.

हे तिला समजलं तेव्हा आधी काही वाटलंच नाही. अंगात अजून थोपटणं शिल्लक होतं. तिने शांतपणे हिशेब मांडला. हा ताईत त्यांचा. हा ज्याला समजून थोपटत होता, ती मी नव्हतेच. साय धरलेला तो चहा माझ्या ताइताचा. म्हणजे उगवलंय ते... इथवर ती आली आणि पाण्याखाली धरलेली वस्तू सुटून वर यावी तशी भीती वर आली. तिने देवघराची चौकट घट्ट धरली.  इतके दिवस आपण त्यांच्या जाग्या डोळ्यांकडे बघून सुखाने कूस बदलत होतो, हे तिला आठवलं.

रणजित पंचा गुंडाळून बाहेर आला. तिच्या हातात दोन्ही ताईत बघून थबकला.

"कधी बदलले?" तिने विचारलं.

"तू जेवली नव्हतीस त्याच्या दुसऱ्या दिवशी." चोरी पकडल्यासारखं तो कसनुसं हसला. "तू घालणार नव्हतीस, म्हणून तू न्हायला गेल्यावर फळीवरच अदलाबदल केली. लागू पडला की नाही? मी म्हणत नव्हतो, तुझा बोगस आलाय?"

"अहो..."

"तू कसं काढलंस गं त्याच्यावर एवढे दिवस? मला नाही झेपलं." त्याचे डोळे लाल झाले होते, दाढी वाढलेली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने कधी म्हटलं नव्हतं ते तो म्हणाला, "हेमा, मला लई भीती वाटतीय."

सांगायचं ते आत्ता, हे हेमांगीला कळत होतं. शपथ घालणारा माणूस हाच होता. अण्णांचं विचारणं ज्याला झोपू देत नव्हतं तो हाच, पुरा जागा, तिच्यासमोर ओलाचिंब उभा. तिने तोंड उघडलं. त्याच्या हनुवटीचं थरथरणं बघितलं.

"या इकडे," ती म्हणाली. "तुमचा तुम्हाला बांधते."

"आणि तू?"

"माझं बरं आहे आता."

तिने हळदीचा डाग आत घालून पट्टा त्याच्या दंडाला आवळला. मग त्याची पाठ पुसली, सदरा काढून दिला. बटणं लावून होईपर्यंत त्याचे खांदे खाली आले. जिना उतरताना त्याने शीळ घातली.

वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्या. तेजल एकेकाला नावाने बोलावत होती. निकाल वधूपक्षाच्या खोलीत सांगत, कारण तिथे दाराला आतून कडी होती. आरसा फुटल्यापासून भिंतीवर नुसती चौकट होती. हेमांगीचं स्वतःचं नाव त्या यादीत होतं, तरी किटली तिच्याच हातात होती. रिकाम्या हाताने बसणं तिला जमलं नसतं. पहिल्या रांगेत एका बाईची बशी वाजत होती. हेमांगीला तिचा हेवा वाटला.

ती रणजितपाशी आली, त्याचा कप भरला आणि शेजारच्या खुर्चीवर टेकली. आता थांबलं तर तेजल सांगणार होती, मग शपथ मोडली असती. तिने किटली पायाशी ठेवली आणि त्याचा हात धरला.

"अहो, ऐका. तुमचं उगवलंय. मला माहितीय. दुसऱ्या आठवड्यापासून माहितीय."

रणजितने तिच्याकडे पाहिलं. सगळं नीट ऐकून घेतलं, मधे बोलला नाही. एखाद्या पार्टीने तारीख रद्द केल्याचं कळावं तशी त्याने मान हलवली.

"असं होय," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंस. अण्णांसारखं नको व्हायला."

"कळतंय ना तुम्हाला, मी काय म्हणतीय ते?"

"न कळायला काय झालं? बघू की, काय म्हणतात डॉक्टर." त्याने तिचा हात थोपटला. "केवढा गार पडलाय तुझा हात. तुझं तर नाही ना उगवलं? मग झालं तर."

हेमांगी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. एखादी आठी, ओठांची हालचाल. चेहरा स्वच्छ होता. तिने शपथ पाळली होती, आणि ती ज्याच्यासाठी घेतली होती तो माणूस सकाळी देवघरापुढेच राहून गेला होता. आता त्याला कधी सांगायचं, कसं गाठायचं, हे तिला माहीत नव्हतं.

आतून तेजलने पुकारलं, "रणजित निकम."

"आलो, आलो. चहा तरी पिऊ द्या," रणजितने हसत उत्तर दिलं. रांगेतले काहीजण हसले आणि काहीजण हसले नाहीत, आणि कोण हसलं ते हेमांगीने न बघता ऐकलं. मग त्याने उरलेला घोट संपवला आणि डोळे मिचकावत कप तिच्यापुढे धरला.

"वहिनी, अजून एक कप!"